खणातला कॅमेरा : एका जुन्या कॉम्पॅक्टची ओळख

आजचा विषय तसा छोटा आहे. अगदी खिशात मावेल एवढा. हा बघा, टेबलावर ठेवलाय तो. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. काळ्या रंगाचा, पत्त्यांच्या दोन कॅटांपेक्षा थोडा मोठा, बॅटरी आणि कार्डासकट दोनशे ग्रॅमच्या आत वजन. कॅनन पॉवरशॉट एस ९५. हा २०१० साली बाजारात आला, आमच्या घरी २०११ मध्ये. चार वर्षं भरपूर वापरला आणि मग फोन चांगले झाले म्हणून कपाटाच्या खणात टाकला. तिथे तो पडून होता, चार्जर, जुन्या किल्ल्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या सोबतीला.

असा एखादा कॅमेरा तुमच्यापैकी बहुतेकांच्या खणात असणार. हात वर करा बरं. बघा, निम्म्याहून जास्त आहेत! तर आज आपण त्या खणाबद्दल बोलू. जुनं ते सोनं असं आम्ही म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पण हा कॅमेरा काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि आज प्रवासात किंवा रोजच्या दिवसात त्याचा उपयोग कुठे होतो, ते नीट समजून घेऊ.

आई आणि कॅमेरा

आमचा कॅमेरा खणातून बाहेर आला तो २०१९ च्या मे महिन्यात. राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर होतं. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. वाटण्या झाल्या आणि घर उतरवून तिथे नवीन बांधायचं ठरलं. शेवटचे चार दिवस राहायला म्हणून आम्ही सगळे गेलो. प्रत्येकाच्या हातात फोन होताच. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. तिलाही फोटो काढायचे होते, पण फोनच्या पडद्याला तिचं बोट कळायचंच नाही. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी पडलेली असतात आणि हे पडदे बोटातल्या विद्युतवाहकतेवर चालतात, त्यामुळे असं पुष्कळदा होतं. ती दाबायची, काही व्हायचं नाही. जोरात दाबायची, तर दुसरंच काहीतरी उघडायचं. शेवटी चिडून म्हणाली, "अरे, तो बटणवाला कुठाय तुमचा?"

नशिबाने कोणीतरी तो सामानात टाकला होता, नव्या बॅटरीसकट. आम्ही तिला दोनच गोष्टी शिकवल्या. बटण अर्धं दाबायचं. चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबायचं. संपलं. चार दिवसांत तिने २१२ फोटो काढले.

आम्ही तिघा भावंडांनी मिळून फोनवर नऊशेच्या वर काढले असतील. नंतर बसून पाहिलं, तर त्यातले निम्मे आमचेच चेहरे आणि उरलेल्यांत तोच तो घराचा समोरचा भाग. एक फोन पुढे पाण्यात पडला, त्यातलं काहीच वाचलं नाही. तो दोष फोनचा नाही, आम्ही प्रत काढली नव्हती. आईच्या कार्डावर मात्र अख्खं घर होतं. खळं, पडवी, ओटी, माजघर, देवघर, चूल, कौलांत बसवलेल्या काचेतून पडणारा उजेडाचा पट्टा, दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या खुणा. ओळीने. जणू ती पाहुण्याला घर दाखवत हिंडत होती.

आता यात कॅमेऱ्याचं श्रेय किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर नजर आईची होती. पण त्या यंत्राने तिला अडवलं नाही आणि त्या अंधाऱ्या घरात ते कमीही पडलं नाही. का पडलं नाही, हा आपल्या आजच्या व्याख्यानाचा गाभा.

दहा मेगापिक्सेल कमी की पुरेसे?

थोडा इतिहास. २०१० हे डिजिटल कॅमेऱ्यांच्या भरभराटीचं वर्ष. त्या वर्षी जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले आणि त्यांत बहुसंख्य कॉम्पॅक्टच होते. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, हा आकडा एक कोटीच्याही खाली गेला. फोनने ही बाजारपेठ खाऊन टाकली.

त्या भरभराटीच्या काळात कंपन्यांची चढाओढ चालायची मेगापिक्सेलवर. दुकानदारही तेच सांगायचा, "ह्याच्यात बारा, त्याच्यात चौदा." पण सेन्सर म्हणजे उजेड पकडणारी चकती, ती मात्र तेवढीच राहायची. एकाच ताटात जास्त वाट्या मांडल्या की प्रत्येक वाटी लहान होणार, तसंच हे. प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि कमी उजेडात फोटोत रवाळपणा, म्हणजे नॉईज, दिसू लागतो.

इथे एक गमतीची गोष्ट घडली. कॅननच्या २००८ च्या जी १० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्या वर्षी आलेल्या जी ११ मध्ये त्यांनी ते कमी करून १० केले. नव्या मॉडेलमध्ये आकडा खाली! त्याच वर्षी एस ९० आला, खिशात मावणारा, त्याच १० मेगापिक्सेलच्या जातकुळीतला. एस ९५ हा त्याचा पुढचा अवतार.

मग दहा पुरतात का? हिशेब करू. या कॅमेऱ्याचा फोटो ३,६४८ गुणिले २,७३६ ठिपक्यांचा असतो. ए फोर कागदावर चांगल्या दर्जाची छपाई करायला, इंचाला ३०० ठिपके धरले तर, सुमारे ३,५०८ गुणिले २,४८० ठिपके लागतात. म्हणजे ए फोर भरून थोडे उरतात. आपल्या नेहमीच्या फुल एचडी टीव्हीला तर दोन मेगापिक्सेल पुरे होतात. भिंतभर फ्लेक्स लावायचा नसेल, तर तक्रारीला जागा नाही.

आमच्या बाबतीत ही छपाई प्रत्यक्षात उपयोगी पडली. जुन्या घराच्या दारावरची गणेशपट्टी उतरवताना कळलं की मागून वाळवीने पोखरली होती. हातात धरली तर तुकडे पडायला लागले. नव्या घराला तशीच पट्टी हवी, असा आईचा हट्ट. तिने काढलेला फोटो ए फोरवर छापला आणि सुताराला दिला. त्याने ते बघून वेलबुट्टी उतरवली. हुबेहूब म्हणणार नाही, पण आत शिरताना आई वर बघते, एवढं खरं.

उजेडाचा हिशेब

आता त्या अंधाऱ्या माजघरात शिरू. कोकणातलं माजघर म्हणजे दिवसाही दिवा लावावा अशी जागा. तिथे फोटो निघतो तो भिंगाच्या तोंडामुळे. या कॅमेऱ्याचं भिंग सर्वांत रुंद कोनात एफ २ पर्यंत उघडतं. एफ २ म्हणजे काय? भिंगाच्या नाभीय अंतराला दोनने भागा. इथे ते अंतर आहे ६ मिलिमीटर, म्हणजे छिद्र झालं ३ मिलिमीटरचं. कच्च्या साबुदाण्याएवढं! पण सेन्सरही लहान आहे, साधारण साडेसात मिलिमीटर लांब, त्यामुळे त्याच्या मानाने हे दार चांगलं मोठं.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. झूम ओढत गेलात की हे दार मिटत जातं. सर्वांत लांबच्या टोकाला ते एफ ४.९ होतं. गणित केलं तर उजेड सहापट कमी. म्हणजे माजघरात जो फोटो १/१५ सेकंदात निघतो, त्याला तिथेच पूर्ण झूम करून जवळपास अर्धा सेकंद लागेल. १/१५ पर्यंत हात स्थिर राहू शकतो, शिवाय भिंगात हलणं सावरणारी यंत्रणा आहे. अर्ध्या सेकंदाला भिंतीचा टेकूच हवा. म्हणून पहिला नियम असा, की अंधारात झूम विसरा, दोन पावलं पुढे जा.

आईला हे गणित माहीत नव्हतं. तिने झूमला हातच लावला नाही, कारण आम्ही तो शिकवलाच नव्हता! ती दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभी राहायची, कारण गुडघे दुखायचे. तंत्र आपोआप बरोबर झालं.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची, खासकरून प्रवासासाठी. मोठ्या कॅमेऱ्यात भिंग पूर्ण उघडलं की जवळचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं. लग्नाच्या फोटोंत हे छान दिसतं. पण वाड्यात, बाजारात, वारीच्या गर्दीत आपल्याला सगळंच स्पष्ट हवं असतं. लहान सेन्सरमुळे इथे उलटा फायदा मिळतो. रुंद कोनात, एफ २ ठेवून, तीन मीटरवर फोकस लावला, तर साधारण दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. भिंग पूर्ण उघडं आणि खोलीही पूर्ण, दोन्ही एकदम. मोठ्या कॅमेऱ्यात तेवढी खोली मिळवायला छिद्र एफ ९ च्या आसपास आणावं लागेल.

याची दुसरी बाजूही सांगतो. मागचं धूसर करायचं असेल, तर हा कॅमेरा तुमच्या कामाचा नाही. आणि छिद्र लहान करून, म्हणजे एफ ८ वर नेऊन, फोटो अधिक रेखीव होईल असं वाटत असेल, तर तेही होत नाही. एवढ्या लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो आणि बारीक तपशील मऊ होतो. उन्हात एफ ४ वर ठेवा, पुरे.

कडं

भिंगाभोवती हे कडं आहे, ऐका, टकटक वाजतं. याला हवं ते काम नेमून देता येतं. आम्ही त्याला झूमच्या पायऱ्या दिल्यात : २८, ३५, ५०, ८५, १०५. ज्यांनी फिल्मवर काम केलंय त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. आधी ठरवायचं, आज पस्तीस, आणि मग दिवसभर पस्तीसच. चार-पाच दिवसांत डोळ्यालाच चौकट दिसायला लागते. कॅमेरा वर उचलण्याआधीच कळतं की यात काय मावणार. पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन हे करून बघा. झेंडूचे ढीग, माथाड्यांची धावपळ, वर पिवळे दिवे. तिथे झूम करत बसायला वेळच नसतो आणि मोठा कॅमेरा काढला की लोक बघायला लागतात. हा काढला तर कोणी ढुंकून बघत नाही.

दार आणि खळं

एक नेहमीची अडचण. ओटीवर बसलेलं माणूस आणि मागे मे महिन्यातलं खळं, पांढरंफटक ऊन. माणूस बरोबर आलं की खळं जळतं, खळं सांभाळलं की माणूस काळं पडतं. आजचा फोन अशा वेळी एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते जोडतो. हा कॅमेरा तसं आपणहून करत नाही. पण तो रॉ फाईल देतो, म्हणजे सेन्सरने टिपलेली जवळपास कच्ची माहिती. आपण उजेड थोडा कमी ठेवून, खळं न जाळता, फोटो घ्यायचा आणि घरी संगणकावर अंधारातला भाग वर उचलायचा. डार्कटेबल, रॉथेरपी असे मोफत प्रोग्रॅम आहेत, त्यांत या फाईली उघडतात. एक पाहिजे : आयएसओ कमी ठेवा, ८० ते ४००. त्याच्या पुढे अंधार उचलायला गेलात की रवा वर येतो. आकडा ३२०० पर्यंत जातो खरा, पण आम्ही ८०० च्या पलीकडे क्वचितच गेलो.

मग फोन का नको?

फोन हवाच. रात्रीचे फोटो, व्हिडिओ, लगेच पाठवणं, यांत आजचा चांगला फोन या कॅमेऱ्याच्या पुष्कळ पुढे आहे. अनेक महागड्या फोनांचा मुख्य सेन्सर याच्यापेक्षा मोठाही असतो. त्यामुळे "कॅमेरा तो कॅमेराच" वगैरे आम्ही म्हणणार नाही.

फरक आहे तो वापरण्यात. पहिलं, खरं बटण आणि खरा झूम. पडदा ओला असो, बोट कोरडं असो. दुसरं, या यंत्रात फोटोशिवाय काहीच नाही. एसटीच्या खिडकीतून घाट बघताना फोन काढला तर फोटोआधी तीन मेसेज दिसतात आणि घाट निघून जातो. तिसरं, मर्यादा. कंपनीच्या हिशेबाने एका बॅटरीत सुमारे २०० फोटो. त्यामुळे माणूस काढण्याआधी विचार करतो. नऊशेतले आमचे किती उरले आणि दोनशे बारातले आईचे किती, ते सांगितलंच. आणि चौथं, फोटो कार्डावर असतात. कार्ड संगणकाला लावायचं, प्रत काढायची, नाव द्यायचं, हे काम हाताने करावं लागतं. कंटाळवाणं आहे. पण ते एकदा केलं की ते फोटो कुठे आहेत हे आपल्याला माहीत असतं.

विकत घेताना, सांभाळताना

खणात नसेल आणि जुना घ्यायचा असेल, तर हातात घेऊनच घ्या. चालू करा, भिंग सरळ आणि एका दमात बाहेर यायला हवं, करकर नको. भिंगात टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. एफ ८ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळपट डाग दिसला तर आत धूळ गेली आहे. कडं, बटणं, फ्लॅश, सगळं दोन-दोनदा चालवून बघा. बॅटरी फुगलेली असेल तर ती लगेच बाजूला ठेवा आणि ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या, कचऱ्याच्या डब्यात नको.

पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी हाच मोठा शत्रू. चामड्याच्या म्यानात कॅमेरा बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्या अधूनमधून वाळवा. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे वापरत राहणं. खणातला कॅमेरा खराब होतो, खिशातला सहसा होत नाही.

काही प्रश्न

*श्रोता : सर, सीसीडी सेन्सरचे रंग वेगळेच असतात म्हणतात. खरं का?*

या कॅमेऱ्यात सीसीडीच आहे आणि रंग आम्हालाही आवडतात. पण रंग ठरतात ते सेन्सरवरचे रंगीत गाळणीचे ठिपके आणि कॅमेऱ्यातली प्रक्रिया यांवर. सीसीडी आणि आजचे सीमॉस, दोघंही उजेड मोजतात. रंगाची जादू त्या नावात नाही. तेव्हा नुसत्या सीसीडी या शब्दासाठी चढा भाव देऊ नका.

*श्रोता : उन्हात पडदा दिसत नाही, त्याला काय करायचं?*

बरोबर आहे, ही खरी अडचण आहे. यात डोळा लावून बघायची खिडकी नाही. आई पदराची सावली करायची! आम्ही टोपी धरतो.

*श्रोता : एकच जुना कॉम्पॅक्ट घ्यायचा तर हाच का?*

नाही, नाही. हा आमच्याकडे होता म्हणून हा. २०१२ मध्ये आलेल्या सोनीच्या आरएक्स १०० मध्ये एक इंच म्हणवला जाणारा, बराच मोठा सेन्सर आहे. तो नीट चालणारा मिळाला तर उत्तमच. पण त्याआधी घरचा खण उघडा. जो आहे त्याची बॅटरी चार्ज करा आणि महिनाभर तोच वापरा. त्याचं काय जमतं, काय जमत नाही, हे एकदा हाताला कळलं की तो तुमचा कॅमेरा झाला.

शेवटचं एक आणि थांबतो. घर उतरवल्यावर वर्षभराने आम्ही आईला विचारलं, की चुलीचे सात-आठ फोटो का काढलेस, एक पुरला नसता का? ती म्हणाली, "पहिल्यात उजेड नव्हता आला. तो काचेतून यायला अकरा वाजतात. मला माहीत होतं ना." पन्नास वर्षं त्या चुलीपाशी बसलेल्या माणसाला उजेड कधी येतो हे ठाऊक होतं. कॅमेऱ्याने फक्त बटण दिलं.

तुमच्या घरातही असा अकरा वाजताचा उजेड कुठेतरी पडत असेल. तो कोणाला माहीत आहे, त्यांना विचारा. आणि कॅमेरा त्यांच्याच हातात द्या.